लेकीचा पहिला टॅक्स रिटर्न फुकटच्या सॉफ्टवेअरवर भरला, काही महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत भरला तेव्हाच लिहिणार होते, पण म्हटलं आधी रिफंड येऊ दे, मग कॉलेजच्या फॉर्मला तो रिटर्न कामी येतो का तेही बघू. आम्ही न्यू जर्सीत. लेक २०२४ च्या शेवटी १७ ची होती, आइस्क्रीमच्या दुकानातून वर्षाचे ५,३८६ डॉलर (त्याचा डब्ल्यू-टू, म्हणजे पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा मालकाचा फॉर्म, आला), शेजारच्या मुलांना मॅथ्स शिकवून ६४०, आणि पुण्याला आजीने तिच्या नावावर ठेवलेल्या एफडीचं थोडंसं व्याज. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, सगळी थोड्याफार फरकाने सारखीच आहेत.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांना वाटतं की पोरांचा पगार आईबाबांच्या रिटर्नमधेच दाखवायचा. सासऱ्यांनीही फोनवर तेच सांगितलं, मायनरचं उत्पन्न क्लब होतं, म्हणजे आईबाबांच्या उत्पन्नात धरतात म्हणून. तर इथे पगार आईबाबांच्या रिटर्नमधे घालताच येत नाही, ८८१४ फॉर्म आहे तो फक्त व्याज आणि डिव्हिडंडसाठी. (आणि भारतात पण स्वतःच्या कष्टाने किंवा कौशल्याने कमावलेलं क्लब होत नाही, हे सासऱ्यांना सांगितल्यावर ते जरा गप्प झाले.)

सॉफ्टवेअरला शिरायचं ते आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) साइटवरच्या फ्री फाइल या फुकट रिटर्नच्या सोयीतून, कंपनीच्या स्वतःच्या होमपेजवरून नाही. होमपेजवरचं 'फ्री' आम्ही आधी उघडून बघितलं, डब्ल्यू-टू घातला तोवर गोड गोड, ट्यूशनचे पैसे घातले की शेड्यूल सी (स्वतःच्या धंद्याच्या कमाईचा फॉर्म) आलं आणि लगेच पैसे मागितले. फ्री फाइलमधून तेच सगळं फुकट झालं, उत्पन्नाची मर्यादा २०२४ च्या रिटर्नला ८४,००० होती आणि ती मुलीच्या उत्पन्नावर मोजतात, आपल्या नाही. काही कंपन्यांच्या वयाच्या अटी असतात आणि स्टेटच्या रिटर्नचे वेगळे पैसे लावतात, म्हणून जिथे जर्सी पण फुकट होती ती निवडली.

आता ट्यूशनचं. पगारापुरतं बघितलं तर तिला रिटर्न भरायची सक्तीच नव्हती, २०२४ च्या १४,६०० च्या मर्यादेच्या आत होती, फक्त कापलेला टॅक्स परत मिळवायला भरायचा. पण स्वतःच्या धंद्याचा नफा ४०० किंवा जास्त झाला की भरावाच लागतो, इन्कम टॅक्स शून्य असला तरी, कारण १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्यावरचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा) लागतो. तिला साधारण ९० डॉलर लागले. पोरीचा चेहरा बघण्यासारखा होता. दुकानाने पगारातून कापलेले सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्य विम्याचे) ४१२ पण परत येत नाहीत, हे समजावण्यात आमची एक संध्याकाळ गेली. सॉफ्टवेअर यातलं काही समजावत नाही, नुसता वरचा रिफंडचा आकडा धाडकन खाली आणतं.

माझी मुख्य तक्रार त्या एका चौकोनावर आहे, 'तुम्हाला कोणी डिपेंडंट म्हणून क्लेम करू शकतं का', म्हणजे दुसरं कोणी आपल्या रिटर्नमधे तुम्हाला अवलंबून म्हणून दाखवू शकतं का. हा अख्ख्या रिटर्नमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो पत्ता-फोन नंबरच्या मधे कुठेतरी येऊन जातो. ओळखीतल्या एका मुलाने फोनवर पटापट 'नाही' दाबून रिटर्न पाठवून दिला, नंतर त्याच्या आईबाबांचा ई-फाइल रिजेक्ट, मग मुलाचा रिटर्न अमेंड (दुरुस्त) करा वगैरे सगळा घोळ. त्यात आणखी एक, 'क्लेम करू शकतं का' असं विचारलंय, 'करणार आहेत का' असं नाही, त्यामुळे आम्ही नाही केलं तरी तिचं उत्तर 'हो'च. आम्हाला तिच्यामुळे ५०० चं क्रेडिट मिळालं, १७ पूर्ण झाल्यामुळे त्या वर्षीचं २,००० चं चाइल्ड टॅक्स क्रेडिट गेलं, ते वेगळं दुखणं.

एफडीवाल्यांनी परदेशी खात्याचा प्रश्न स्वतः शोधून काढा. व्याज आपण घातलं तरी खात्याबद्दल ते आपणहून नीट विचारत नाही, शेड्यूल बी या व्याज-डिव्हिडंडच्या फॉर्मच्या तळाशी आहे. सगळ्या परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेले तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) वेगळा, तो पोरांनाही लागतो. आमचे तेवढे नव्हते, सुटलो.

बाकी ठीक. पहिल्यांदा भरताना मागच्या वर्षीचं एजीआय (रिटर्नमधलं समायोजित उत्पन्न) विचारतात तिथे शून्य घालायचं. सही तिचीच, म्हणून लॅपटॉप तिच्यासमोर ठेवून मी नुसती बाजूला बसले, तसंच करा. फेडरल रिफंड लवकर आला, जर्सीचा रेंगाळला.

आता फाफ्सा (कॉलेजच्या आर्थिक मदतीचा सरकारी फॉर्म) भरताना २०२४ चेच आकडे लागले, तिने कन्सेंट दिली आणि आयआरएसकडून आपोआप आले, एकही आकडा टाइप करावा लागला नाही. एक मात्र झालं, दुकानाच्या नवीन डब्ल्यू-फोरवर (पगारातून किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म) एक्झेम्प्ट, म्हणजे इन्कम टॅक्स कापूच नका, असं लिहायचा तिचा विचार होता तो बारगळला, ट्यूशनच्या टॅक्सचे ९० डॉलर रिटर्नच्या २४ व्या ओळीत (एकूण टॅक्स) येतात आणि एक्झेम्प्टसाठी तिथे शून्य लागतं. हे सॉफ्टवेअरने कुठेही सांगितलं नाही.

पाचपैकी साडेतीन. नुसता डब्ल्यू-टू असेल तर डोळे झाकून वापरा, ट्यूशन किंवा बेबीसिटिंगचे पैसे असतील तर आधी वहीत हिशोब मांडा आणि मगच लॉगिन करा. आणि हो, मार्चपासून 'अपग्रेड करा'च्या ईमेल अजून येतायत, लेकीचा शाळेचा ईमेल देऊ नका.