मद्यप्राशन करून वाहन चालवल्याचे खटले आणि परिस्थितिजन्य पुरावा : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

मद्यप्राशन करून वाहन चालवल्याच्या खटल्यात श्वासतपासणीचा किंवा रक्ताचा वेळेवर घेतलेला नमुना हाताशी असेल, तर वाद बहुधा त्या नमुन्याभोवतीच फिरतो. मात्र चालक अपघातानंतर निघून गेला, चार-पाच तासांनी सापडला किंवा त्याची तपासणी झालीच नाही, तर गुन्हा शाबीत करण्याचा सगळा भार परिस्थितिजन्य पुराव्यावर येतो. अशाच खटल्यांवर बेतलेला सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. तो चालवणाऱ्या संस्थेविषयी मला गंभीर तक्रारही मांडायची असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही. फौजदारी वकिली करणाऱ्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यासाठी हा अभ्यासक्रम जरूर करावा, असे माझे मत आहे, परंतु पाचव्या आठवड्यात जे शिकवले आहे ते जसेच्या तसे न्यायालयात नेले, तर निरपराध माणसाला शिक्षा होऊ शकते.

सुरुवात चांगली आहे. सरकार पक्षाला तीन वेगवेगळ्या गोष्टी सिद्ध करायच्या असतात, हे पहिल्याच पाठात ठसवले जाते: गाडी याच माणसाने चालवली, अमुक वेळी चालवली, आणि त्या वेळी त्याच्यावर मद्याचा अंमल होता. पुराव्याचा प्रत्येक तुकडा यांपैकी कोणत्या गोष्टीकडे बोट दाखवतो, हे प्रत्येक प्रकरणात लिहून काढायला लावतात. सरावासाठी दिलेल्या एका प्रकरणात गाडी झाडावर आदळलेली आहे, आत कोणी नाही, आणि दोन मित्र शंभर पावलांवर उभे राहून एकमेकांकडे बोट दाखवत आहेत. येथे मद्याच्या वासाचा काडीचाही उपयोग नाही, कारण वास दोघांनाही येतो आहे. उपयोगी पडते ती चालकाची सीट मागे किती सरकवलेली आहे ही गोष्ट, स्टिअरिंगसमोरच्या एअरबॅगवरचे रक्त किंवा लाळ, आणि सीटबेल्टने उठलेला वळ. बेल्ट दाराकडच्या खांद्यावरून येतो, त्यामुळे चालकाचा आणि शेजारी बसलेल्याचा वळ विरुद्ध खांद्यांवर उमटतो. हे वळ एक-दोन दिवसांत ठळक होतात आणि नंतर पुसट होत जातात, म्हणून वैद्यकीय तपासणीत ‘अंगावर किरकोळ खरचटले आहे’ एवढेच न लिहिता कोणत्या खांद्यावर आणि कोणत्या दिशेने हे लिहून घेतले पाहिजे, असा आग्रह शिक्षिका धरतात. मला तो मनापासून पटला.

दुसरा आठवडा गाडीतील नोंदयंत्रावर आहे आणि तो मला अपुरा वाटला. अनेक आधुनिक गाड्यांमध्ये धडकेच्या आधीच्या साधारण पाच सेकंदांतील वेग, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरची स्थिती जपली जाते. ब्रेक मुळीच दाबला गेला नाही, ही नोंद बोलकी असते. तथापि ती चालकाचे लक्ष नव्हते एवढेच सांगते. लक्ष का नव्हते, हे तिला ठाऊक नसते, कारण डुलकी लागलेला किंवा फोनमध्ये गुंतलेला माणूसही ब्रेक दाबत नाही. हा भेद पाठात एका वाक्यात उरकला आहे.

तिसरा आठवडा वेळेचा आहे, आणि परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी जर कोठे तुटत असेल, तर ती बहुतेक वेळा याच कडीवर तुटते. आरोपी रात्री घरी झोपलेला सापडला आणि नशेत होता, एवढ्याने तो गाडी चालवताना नशेत होता असे ठरत नाही, कारण घरी आल्यावर धास्तीने प्यायलो, असा बचाव नेहमीच घेतला जातो. ब्रिटनमध्ये गाडी चालवतानाचे प्रमाण नमुन्यातील प्रमाणापेक्षा कमी नव्हते असे कायदा गृहीत धरतो आणि नंतर प्यायल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकतो. जेथे असे गृहीतक नाही तेथे सरकार पक्षाला प्रत्येक मिनिटाचा हिशेब द्यावा लागतो. या पाठातील सराव मी दोनदा केला. बॉनेटला हात लावणाऱ्या पोलिसाने ते ‘गरम’ असल्याचे लिहिले आहे, पण वेळ लिहिलेली नाही. शेजारणीने दार आपटल्याचा आवाज ऐकला आहे, आणि ती तेव्हा कोणता कार्यक्रम पाहत होती हे तिला आठवते. स्वयंपाकघरात एक पेला आहे आणि तो कोरडा आहे. या तीन गोष्टींवरून वेळेची पट्टी आखायची आणि जेथे मोकळी जागा उरेल तेथे ती प्रामाणिकपणे मोकळीच दाखवायची, असे काम दिले होते. मी पहिल्या वेळी कोरड्या पेल्यावरून ‘घरी आल्यावर मद्य घेतले नाही’ असा निष्कर्ष काढला. दुसरा पेला धुऊन ठेवलेला असू शकतो, बाटलीला तोंड लावूनही पिता येते, असे शेरे उत्तरावर आले आणि ते रास्त होते.

चौथ्या आठवड्यातील गणितासाठी मी या अभ्यासक्रमाचा ऋणी आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९३२ मध्ये मांडलेले सूत्र वकिलांना ऐकून माहीत असते, पण ते स्वतः सोडवून पाहिलेले वकील थोडे. पोटात गेलेले अल्कोहोल ग्रॅममध्ये घ्यायचे, त्याला शरीराचे वजन आणि एक गुणक (पुरुषांसाठी साधारण ०.६८, स्त्रियांसाठी ०.५५) यांच्या गुणाकाराने भागायचे, आणि तासागणिक शरीर जेवढे अल्कोहोल बाहेर टाकते तेवढे वजा करायचे. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने ६० ग्रॅम अल्कोहोल घेतले, तर सुरुवातीचा आकडा रक्ताच्या हजार भागांत १.२६ भाग येतो. चार तासांनंतरचे प्रमाण काढताना तासाला ०.१० वजा केले तर ०.८६ उरतात आणि ०.२५ वजा केले तर ०.२६. हे दोन्ही वेग जिवंत माणसांत आढळतात. कायद्याची मर्यादा ०.५ असेल, तर एका हिशेबाने आरोपी दोषी आणि दुसऱ्या हिशेबाने निर्दोष ठरतो. सरासरी ०.१५ धरून ‘आरोपीचे प्रमाण ०.६६ होते’ असे बिनदिक्कत लिहिणारा अहवाल मी पूर्वी पाहिला आहे आणि तेव्हा त्यात काय उलट विचारावे, हे मला सुचले नव्हते, याची खंत वाटते.

याच पाठातील पुढचा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. किती प्यायला यावरून पुढे मोजत जाताना आरोपीला संशयाचा फायदा द्यायचा तर शरीराचा वेग जास्त धरावा लागतो, परंतु उशिरा घेतलेल्या नमुन्यावरून मागे मोजताना तोच फायदा देण्यासाठी वेग कमी धरावा लागतो. शिवाय शेवटचा घोट घेतल्यानंतर काही काळ रक्तातील प्रमाण चढतच असते, तेव्हा त्या काळातून मागे मोजणे मुळातच चूक असते. जर्मनीत म्हणूनच मद्यपान संपल्यानंतरचे पहिले दोन तास मागे मोजताना वगळतात आणि उरलेल्या प्रत्येक तासाला फक्त ०.१ मिळवतात. साडेनऊला पिणे थांबले, दहाला अपघात झाला आणि दोनला घेतलेल्या नमुन्यात ०.३० आले, असे समजू. तासाला ०.१५ धरून सरळ चार तास मागे गेले, तर ०.९० येतात. जर्मन रीतीने साडेअकरापर्यंतचेच अडीच तास धरले, तर ०.५५. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९८९ मध्ये असे मागे मोजणे पुरावा म्हणून चालेल असे ठरवले, मात्र तो पुरावा स्पष्ट, सरळ आणि सहज समजणारा असेल तरच सरकार पक्षाने त्यावर विसंबावे, अशी मर्यादाही घातली. पाठात या निर्णयाचा पहिला भागच येतो. दुसरा भाग अभ्यासक्रमात असायलाच हवा होता.

आता पाचव्या आठवड्याविषयी. तोंडाला येणारा वास, लाल डोळे, अडखळते बोलणे, तोल जाणे ही लक्षणे ‘एकत्र घेतली की पुरेशी’ आहेत, असे येथे सांगितले आहे, आणि नमुना उत्तरात त्यावरच दोषसिद्धी मागितली आहे. वास मद्य घेतल्याचे सुचवतो, किती घेतले हे सांगत नाही. अडखळणे आणि तोल जाणे तर डोक्याला मार लागलेल्या, रक्तातील साखर उतरलेल्या किंवा अपघाताने हादरलेल्या माणसातही दिसते, आणि येथे सगळेच आरोपी नुकतेच अपघातातून बाहेर आलेले असतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात, रक्ताची किंवा लघवीची तपासणी नसताना केवळ वास, चाल, बुबुळे आणि बोलणे यांवरून नशा सिद्ध होत नाही असे म्हटले होते. याच न्यायालयाने २०२१ मध्ये तपासणीविनाही परिस्थितीवरून मद्याचा अंमल मान्य केला, पण तो विमा दाव्याचा वाद होता, जेथे शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहायचे असते. अभ्यासक्रमात दुसरा निर्णय फौजदारी खटल्यांसाठी आधार म्हणून दिला आहे आणि पहिल्याचा उल्लेखही नाही. पुराव्याची मोजपट्टी बदलते तेव्हा निर्णयाचे वजनही बदलते, ही कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकवली जाणारी गोष्ट येथे सुटावी, याचे मला खरोखर दुःख झाले.

लक्षणांचा उपयोग नाही, असे मी म्हणत नाही. जर्मन न्यायालये हजारी १.१ च्या वर चालकाला थेट अक्षम मानतात, मात्र ०.३ ते १.१ या पट्ट्यात नागमोडी गाडी चालवणे, कारण नसताना लेन सोडणे अशा प्रत्यक्ष चुकांची जोड मागतात. लक्षण आणि आकडा एकमेकांना आधार देतात, ही मांडणी मला अधिक न्याय्य वाटते आणि पाचवा पाठ तिच्याभोवती सहज उभा करता आला असता.

सहाव्या आठवड्यात रुग्णालयाच्या कागदपत्रांवर एक छोटा पण मोलाचा भाग आहे. उपचारासाठी रुग्णालय बहुधा रक्तद्रवाची, म्हणजे सीरमची, तपासणी करते, आणि त्यातील आकडा पूर्ण रक्तातील आकड्यापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी जास्त असतो. काही वर्षांपूर्वी मी साहाय्यक म्हणून काम केलेल्या एका खटल्यात एका रुग्णालयाच्या अहवालावर बारीक अक्षरांत ‘सीरम’ असे छापलेले होते. तो आकडा मर्यादेच्या किंचित वर होता, आणि आम्हा कोणाच्याही नजरेत ते अक्षर आले नाही. रूपांतर केले असते तर तो मर्यादेखाली गेला असता. हा पाठ ऐकत असताना मी व्हिडिओ थांबवून ती जुनी फाइल काढली.

बाकी सोयींबद्दल थोडक्यात सांगायचे तर व्हिडिओ स्वच्छ आहेत, उत्तरे चार दिवसांत तपासून येतात आणि शेरे नेमके असतात. हिशेबाचा तक्ता उतरवून घेता येतो, पण त्यात वेगाची एकच सरासरी भरलेली आहे. तेथे खालची आणि वरची अशा दोन्ही टोकांच्या चौकटी करून घेतल्याशिवाय तो वापरू नये. पाचव्या पाठाबद्दल मी दोन्ही निर्णयांतील फरक दाखवणारे सविस्तर पत्र संस्थेला पाठवले. मुद्दा पुढील तुकडीपूर्वी तपासू, असे उत्तर आले आहे, आणि हे लिहीपर्यंत नमुना उत्तर मात्र बदललेले नाही.