कुर्ल्याचं इंजिन वर्कशॉप: बोअरला हात न लावल्याबद्दल चार स्टार

गाडी मर्सिडीज सी २२०डी, २०१९ची. गेल्या जुलैत गांधी मार्केटच्या पाण्यात बंद पडली आणि मी अतिशहाण्याने परत सेल्फ मारला, एकदाच मारला पण तेवढा पुरला. टक्क आवाज आला आणि इंजिन जाम, कारण आत पाणी शिरलेलं आणि पाणी काही दाबलं जात नाही.

पहिल्या गॅरेजात हेड खोललं तर बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची भोकं) आरशासारखे चकचकीत, क्रॉसहॅचची, म्हणजे तेल धरून ठेवणाऱ्या तिरक्या रेघांची, एक रेघ दिसेना. मिस्त्री म्हणाला साहेब ग्लेझ झालंय (घासून गुळगुळीत झालंय), होन मारून, म्हणजे दगडाने घासून नव्या रेघा पाडून, रिंगा टाकू, नाहीतर सरळ बोअर पाव मिलिमीटर मोठा करू, रिबोअर. मी हो म्हणणारच होतो, बाबांच्या जीपचं दोनदा तसंच केलेलं, पण मोठ्या केलेल्या बोअरला लागणारे ओव्हरसाइज पिस्टन काही कुठे मिळेना म्हणून गाडी टो करून सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत या काकांकडे नेली.

काकांनी आधी खिशातून छोटा मॅग्नेट काढून बोअरला लावला, हलकासा ओढला गेला. बाहेर ब्लॉकला लावला, काहीच नाही. म्हणाले, "ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत लोखंडाचा स्प्रे आहे. लाइनर, म्हणजे वेगळी बसवलेली नळी, नाहीये याला. चकाकी कंपनीचीच आहे, ग्लेझ नव्हे." म्हणजे लोखंडी तार विजेच्या आर्कमध्ये वितळवून बोअरच्या भिंतीवर फवारतात, मग घासून आरसा करतात, आणि तेल रेघांमध्ये नाही तर त्या थरातल्या बारीक छिद्रांमध्ये राहतं. मर्सिडीज याला नॅनोस्लाइड म्हणते, २००६ला त्यांच्याच स्पोर्ट्स गाड्यांच्या शाखेच्या, एएमजीच्या, ६.३ व्ही८ इंजिनात पहिल्यांदा आलं, निसान जीटी-आरमध्येही स्प्रेवालेच बोअर आहेत. थर किती तर ०.१ ते ०.१५ मिमी! पाव मिमी रिबोअर म्हणजे भिंतीतून ०.१२५ गेला, मग उरलं काय, कप्पाळ? लाइनर घालायचा तर बोअर ८२ मिमी आणि दोन बोअरच्या सेंटरमध्ये अंतर ९०, मध्ये जेमतेम ८ मिमी धातू, त्यातच दोन्ही बाजूचे लाइनर बसवायचे. काका म्हणाले तो शेवटचा उपाय.

मग डायल गेज (बारीक मोजमापाचा काटा) लावून चारही पिस्टन वरपर्यंत आणून उंची बघितली, तीन नंबरचा जवळजवळ एक मिमी खाली. म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड वाकलेला. बोअर मात्र वर-मध्ये-खाली, उभा-आडवा मोजला, चोवीस रीडिंग गॅस्केटच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने, सगळी लिमिटमध्ये. तीनमध्ये एक ओरखडा दिसत होता, त्यावरून माझंच नख फिरवायला लावलं, अडकलं नाही. म्हणाले राहू दे. रॉड, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळे नवे बोल्ट, हेड गॅस्केट, बस. मशीनिंगचं बिल जवळपास शून्य, पैसे गेले ते पार्टांना आणि ते मलाच भरावे लागले कारण इन्शुरन्सला इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलं नव्हतं (घ्या बाबांनो, मुंबईत राहता).

आता ४,००० किमी झालेत, धूर नाही, तेलाची पातळी जागच्या जागी.

एक स्टार कापला कारण "आठवड्यात देतो" म्हणत पाच आठवडे लावले, दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत आणि पक्कं बिल तीनदा मागावं लागलं. गाडी आत नेताना आरसे मिटून घ्या, गल्ली फार अरुंद आहे.