अमळनेरचा घरगुती इंग्लिश क्लास, बँकेची परीक्षा देणाऱ्यांनी जरूर लावा

आधी सहा महिने एका मोठ्या क्लासला होतो, नाव घेत नाही. तिथं शब्दांची झेरॉक्स हातात दिली आणि पाठ करा म्हणे. त्यात ऑब्स्टॅकल म्हणजे अडथळा, हिंड्रन्स म्हणजे अडथळा, इम्पेडिमेंट म्हणजे पण अडथळाच, एन्कम्ब्रन्स पण तेच. मग गाळलेल्या जागेत चारी पर्याय समोर आले की टिक कुठं मारायची? सगळं पाठ असून मार्क जायचे.

आता तीन महिने झाले एका रिटायर सरांकडे जातोय, घरीच ओट्यावर शिकवतात, बाहेर पाटी बिटी काही नाही. पहिल्याच आठवड्यात इम्पेडिमेंट आला तर सरांनी फळ्यावर एक पाय काढला, घोट्यात लाकूड अडकवलं आणि विचारलं ह्याला आपण काय म्हणतो, मागून एक जण बोलला खोडा. बस, तोच अर्थ! लॅटिनमधे पायाला पेस, पेडिस म्हणतात, पेडल आणि पेडेस्ट्रियन त्यातलेच, आणि पाय अडकवला की इम्पीड, मोकळा केला की एक्सपेडाइट, म्हणजे काम झटपट उरकणं. रोमन सैन्यासोबत जो बाडबिस्तारा असायचा त्याला इम्पेडिमेंटा म्हणत, त्यांचा सेनापती सीझर, त्याने गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या लढायांबद्दल लिहिताना हा शब्द वापरलाय, सामान ओढत चाललं की चाल मंदावणारच ना. ऑब्स्टॅकल मात्र वाटेत आडवा उभा असतो, वळसा घालून जाता येतं, खोडा आपल्याच पायात असतो. एन्कम्ब्रन्सला सरांनी थेट सातबारा काढला, इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो तो. आमच्या उताऱ्यावर आहे, मी हा शब्द जन्मात विसरणार नाही. मग इम्पेडिमेंटच्या पुढं टू लावून दहा वाक्यं करून घेतली, मधेमधे सरांचं "समजनं का?" चालूच.

आमच्या बॅचमधला एक पोरगा बोलताना अडखळतो. स्पीच इम्पेडिमेंट आला तेव्हा मला धाकधूक, आता सगळे त्याच्याकडे बघतील. सर म्हणाले अडखळणं हा शब्द बघा, पायालाही तोच आणि जिभेलाही तोच, आपल्या लोकांना पण पायच आठवला. नंतर उतारा वाचायला त्यालाच दिला, आणि तो पूर्ण करीस्तोवर कुणाला मधे बोलू दिलं नाही. पाच मिनिटं लागली असतील. त्या दिवसापासून तो पहिल्या रांगेत बसतो.

कमी काय म्हणाल तर कॉम्प्युटरवरच्या टेस्ट नाहीत, टायमिंगची प्रॅक्टिस घरी स्वतःच करावी लागते. नोट्स पण मिळत नाहीत, वहीत लिहाल तेच. बॅच एकच, संध्याकाळी सहाची, त्यामुळे चोपडा पारोळ्याकडून येणाऱ्यांनी परतीची एसटी आधी बघून ठेवा. फी महिन्याला 600, हप्त्याने दिली तरी चालते. ओट्यावर वीसच पोरं मावतात, यायचं असेल तर महिना सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवा.