फोन लागला पाहिजे, गजर वाजला पाहिजे: अपडेटच्या बाबतीत आयफोन बरा की अँड्रॉइड?

नवा फोन घ्यायला गेलात की विक्रेता हमखास सांगतो, ‘सात वर्षं अपडेट मिळतील.’ ठरावीक फोनांच्या बाबतीत ते खरं आहे. गूगलने पिक्सेल ८पासून (२०२३) आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४पासून (२०२४) तसं जाहीरच केलंय. पण त्या सात वर्षांत फोन उचलायची रीत किती वेळा बदलणार, हे कोणी सांगत नाही. माझा राग आहे तो यावर. बटणांचे आकार, रंग, पारदर्शक काचेचा भास यावर कंपन्या दरवर्षी मेहनत घेतात, आणि ज्यासाठी फोन खिशात असतो त्या गोष्टी मागे पडतात किंवा उगाच हलवल्या जातात. म्हणून इथे कॅमेरा नाही, गेम नाहीत. फोन घेणं-करणं, गजर, आणि अपडेट नको झालं तर मागे फिरायची सोय, एवढंच बघू.

ऑगस्ट २०२५मध्ये गूगलचं फोन ॲप बदललं तेव्हा भारतात बराच गोंधळ उडाला. लोकांनी स्वतःहून काहीच अपडेट केलं नव्हतं. बदल परस्पर सुरू झाला. फेव्हरिट्स आणि रिसेंट्स एकत्र करून ‘होम’ नावाचा टॅब आला, कॉन्टॅक्ट्स बाजूच्या मेनूत गेले. फोन वाजल्यावर पूर्वी बोट वर सरकवायचं, आता आडवं. तरुणांना दोन दिवसांत सवय होते. पण ज्या आजींना ‘हिरवं वर ढकलायचं’ एवढंच शिकवलंय, त्यांचा फोन नुसता वाजत राहतो आणि पलीकडे मुलाच्या जिवाला घोर लागतो. हा बदल कोणी मागितला होता?

तरी इथे अँड्रॉइडची एक बाजू भक्कम आहे. फोन ॲपच्या चिन्हावर बोट दाबून ठेवा, ॲप इन्फो उघडा, वरच्या तीन टिंबांत ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ निवडा आणि प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपचं ऑटो-अपडेट बंद करा. त्या वेळी अनेकांनी जुना डायलर (म्हणजे फोन लावायचं-उचलायचं ॲप) असाच परत मिळवला. आडवं सरकवणं जमत नसेल तर सेटिंगमध्ये एका टॅपने फोन उचलायचा पर्यायही आहे. सॅमसंगने २०२५मध्ये वन यूआय ७ (त्यांच्या अँड्रॉइडची नवी आवृत्ती) आणताना नोटिफिकेशन आणि वायफायची बटणं दोन वेगळ्या पडद्यांत विभागली. तिथेही पेन्सिलच्या खुणेवरून पॅनेल सेटिंग्जमध्ये ‘टुगेदर’ निवडलं की पूर्वीसारखं होतं.

आयफोनवर अशी मोकळीक नाही. डायलर हा ऑपरेटिंग सिस्टीमचाच भाग आहे, त्यामुळे येणारा फोन ॲपल दाखवेल त्याच पडद्यावर दिसणार. नवी आवृत्ती आली की थोड्याच दिवसांत ॲपल जुनीला मान्यता देणं थांबवतं, मग परतीची वाट बंद. आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या, म्हणजे आयओएसच्या, २०२५मधल्या २६व्या आवृत्तीत फोन ॲपची जुनी मांडणी ‘क्लासिक’ म्हणून ठेवली, हे मात्र शहाणपणाचं झालं. त्याच आवृत्तीतल्या ‘लिक्विड ग्लास’ या काचेसारख्या पारदर्शक रूपामुळे अक्षरं वाचायला त्रास होतो अशी ओरड झाली, तेव्हा काच कमी पारदर्शक करायचा पर्याय २६.१मध्ये आला.

आयफोनवर आवश्यक सोयी उशिरा येतात, ही माझी जुनी तक्रार आहे. डायलपॅडवर आकडे दाबून नाव शोधणं अँड्रॉइडवर कितीतरी वर्षं आहे. आयफोनवर ते २०२४च्या आयओएस १८मध्ये आलं. कॉल रेकॉर्डिंग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, १८.१मध्ये. फोनवर ऑर्डर घेणाऱ्या व्यापाऱ्याला ही सोय लागतेच. इथे अँड्रॉइडचंही सगळं छान नाही: मे २०२२मध्ये गूगलने इतर ॲप्सचा रेकॉर्डिंगचा रस्ता बंद केला आणि ट्रूकॉलरलाही ती सोय काढावी लागली. गूगलचा डायलर आणि आयफोन दोन्ही, रेकॉर्डिंग होतंय हे समोरच्याला मोठ्याने ऐकवतात. सॅमसंगचा स्वतःचा डायलर भारतात न ऐकवता रेकॉर्ड करतो, पण समोरच्याला आधी सांगून टाकावं हे बरं.

गजरात मी डोळे झाकून अँड्रॉइड निवडेन. तिथे गजराचा आवाज रिंगपेक्षा वेगळा ठेवता येतो. आयफोनवर रिंगचा आवाज उतरवला की गजरही मंदावतो, आणि पहाटेची गाडी पकडायची असणाऱ्याला हे परवडत नाही. २०२४मध्ये काही आयफोनचे गजर वाजतच नव्हते, ते ॲपलने मान्यही केलं होतं.

मोठी चूक दोघांच्याही हातून झालीय. सप्टेंबर २०१४मध्ये आयओएस ८.०.१ने नव्याकोऱ्या आयफोन ६चं नेटवर्कच घालवलं आणि ॲपलला ते अपडेट लगेच मागे घ्यावं लागलं. २०२१मध्ये अमेरिकेत एका अँड्रॉइड फोनवरून ९११ला (तिथल्या आपत्कालीन मदतीच्या नंबरला) फोनच लागेना. अँड्रॉइड आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स हे ऑफिसच्या बैठकांचं ॲप यांच्यातला तो दोष होता.

अपडेटच करायचं नाही, हा सल्ला मी देणार नाही. यूपीआय आणि बँकेची ॲप्स फोनवर असताना सुरक्षेचे पॅच लागतातच. मोठी आवृत्ती मात्र पहिल्या दिवशी घेऊ नका, महिनाभर थांबा.

निवड करायचीच तर: आईवडिलांसाठी किंवा दिवसभर फोनवर धंदा करणाऱ्यासाठी सॅमसंग घ्या, कारण डायलर त्यांचा स्वतःचा आहे आणि बरंचसं पूर्ववत करता येतं. घरात सगळ्यांकडे आयफोन असेल आणि अडलं तर दाखवायला कोणी शेजारी असेल, तर आयफोन चालेल; फक्त ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवा. पिक्सेल घेणार असाल तर बॅटरीचा विचार करा: २०२५मध्ये ४ए आणि ६ए या मॉडेल्सच्या काही फोनांच्या बॅटरीची क्षमता गूगलने अपडेटनेच कमी केली होती.