पुढच्या बंपरच्या पट्ट्या: जुन्या वापरायच्या, उद्यमनगरात करून घ्यायच्या की परदेशातून मागवायच्या?

जुनी स्पोर्ट्स कार खोलल्या अवस्थेत विकत घेतली की बंपरच्या मागच्या आधारपट्ट्या बहुधा गोणीतून येतात. कोणती डावी, कोणती उजवी, एखादी भलत्याच गाडीची तर नाही ना, काही कळत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत नमुना दाखवला की हुबेहूब पट्टी वाकवून मिळते, त्यामुळे घाई होते. पण आधी ती पट्टी कोणत्या जातीची आहे ते ठरवायला हवं. दिसायला सारख्या पट्ट्यांची कामं तीन वेगळी असतात.

काही पट्ट्या लवून परत येण्यासाठी असतात. १९६२ ते १९७४ पर्यंतच्या क्रोम बंपरवाल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा पुढचा बंपर अशा सपाट स्प्रिंग-पट्ट्यांवर बसतो. दुसऱ्या साध्या माइल्ड स्टीलच्या, नुसतं टोक हलू न देणाऱ्या. तिसऱ्या जातीला पट्टी म्हणणंच चूक. १९७४ पासूनच्या पोर्शे ९११ मध्ये बंपरमागे नळ्या आहेत. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत त्या जागी धक्का खाऊन पूर्ववत होणारे हायड्रॉलिक डॅम्पर (तेलाच्या दाबावर चालणारे धक्काशोषक), तर इतर बाजारांसाठीच्या गाड्यांत धडकेत एकदाच चेपणाऱ्या नळ्या.

पहिल्या दोन जाती ओळखायला कानस आणि ग्राइंडर पुरेत. माइल्ड स्टीलमध्ये कानस सहज चावते. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक केलेल्या स्प्रिंग स्टीलवर ती जड जाते, घसरते. मग न दिसणाऱ्या कडेला ग्राइंडर हलका टेकवा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, फुटतात कमी. स्प्रिंग स्टीलच्या भरपूर फुलतात, त्यांना फाटे फुटतात. डोळ्यांवर भरवसा नसेल तर ट्रकच्या जुन्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) एक तुकडा आणि अँगलचा एक तुकडा शेजारी घासून बघा, फरक लगेच कळतो.

डावी-उजवी नेहमी चालकाच्या सीटवर बसून धरायची, गाडीसमोर उभं राहून नाही. दोन्ही पट्ट्या सपाट फरशीवर एकमेकींचं प्रतिबिंब होतील अशा ठेवा. वाक जुळत नसेल तर एक ठोकर खाल्लेली आहे, नाहीतर दोन्ही एकाच बाजूच्या आहेत. लांबट भोक सहसा जुळवणीसाठी असतं. तिथे वॉशरचा घासलेला गोल ठसा शोधा. आटेही तपासा. एमजीबीच्या काळातल्या ब्रिटिश गाडीत बहुधा यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे असतात: ५/१६ इंची बोल्टला इंचाला २४ आटे आणि अर्ध्या इंचाचा पाना. त्यावर ८ मिमीचा नट एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे जोर लावला की दोन्हींचे आटे गेले.

माइल्ड स्टीलची पट्टी असेल तर उद्यमनगरच बरं. त्याच जाडीची पट्टी घ्या, वाकाची आतली गोलाई निदान जाडीइतकी ठेवायला सांगा, आणि लांबट भोक गॅसने कापून न घेता दोन टोकांना ड्रिल मारून कानशीने जोडून घ्या. कोल्हापुरात फाउंड्रीला तोटा नाही, म्हणून कुणी बीडाचं (ओतीव लोखंडाचं) ओतून द्यायची तयारी दाखवेल. नको. बीड लवत नाही, तडकतं.

स्प्रिंग-पट्टीचं गणित वेगळं आहे. तडा नसेल तर जुनी मूळ पट्टीच सगळ्यात चांगली. थोडी वाकलेली असेल तर थंडच, प्रेसवर, हळूहळू सरळ करा. गॅसने लाल केली की पाणी उतरतं. मग पहिल्याच धडकेत ती वाकून तशीच राहते आणि बंपर पत्र्याला टेकतो. वेल्डिंगनेही शेजारचा भाग ठिसूळ होतो. तडे बहुतेक भोकाच्या कडेला किंवा वाकाच्या बाहेरच्या अंगाला येतात. गंज पूर्ण काढून डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावून बघा. नुसत्या डोळ्यांनी ते निसटतात. तडा दिसला तर मागवा. पाट्याच्या स्टीलपासून करून घेता येते, पण वाकवल्यावर पुन्हा पाणी देऊन टेम्पर करणारी (बेताने तापवून ठिसूळपणा घालवणारी) भट्टी हवी, आणि एका जोडीसाठी भट्टीवाला क्वचितच तयार होतो.

इथल्या पावसाच्या धास्तीने झिंक प्लेटिंग करून घ्यायचा मोह होतो. पण तेजाबात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो, आणि कडक स्प्रिंग काही दिवसांनी कारण नसताना तुटते. प्लेटिंगनंतर लगेच साधारण २०० अंश सेल्सियसवर काही तास भाजण्याची खात्री नसेल तर झिंक प्रायमर आणि काळा रंग बरा.

पोर्शेच्या नळीबाबत निवड अशी नाहीच. चेपली की नवी. सरळ केलेली किंवा पाइप घालून जाड केलेली नळी चेपत नाही आणि मार थेट बॉडीवर जातो. डॅम्परला तर ड्रिल किंवा गॅस लावूच नका. आत दाब असतो.

आणखी एक अडचण रबर बंपरच्या एमजीबीची. १९७४ च्या उत्तरार्धापासून तिचा पुढचा भाग आणि बंपरची बैठक बदलली. त्यामुळे क्रोम बंपरच्या पट्ट्या नुसत्या बोल्टने बसत नाहीत, बॉडीवर काम करावं लागतं. गोणीतल्या पट्ट्या भोकांना जुळत नसतील तर नवी ऑर्डर देण्याआधी गाडीचं वर्ष चेसिस नंबरवरून पक्कं करा. बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, दोन्ही बाजूंची फट सारखी करा, बंपर हाताने दाबून तो पत्र्याला टेकत नाही हे बघा आणि मगच पाना फिरवा.