पादऱ्याचं ‘गॅप’ प्रशिक्षण: पंप ज्याच्या पाठीवर, त्यालाच पाठवा

पादरा भागातल्या छोट्या भाजीपाला शेतकऱ्यांसाठी एका संस्थेचं दोन दिवसांचं गॅप, म्हणजे उत्तम शेती पद्धतींचं, प्रशिक्षण चालतं. बडोद्यात राहून पादरा-डभोईकडची जमीन भागाने कसायला दिलेल्या मराठी कुटुंबांनी एक ध्यानात घ्यावं: मालकाने जाऊन वही भरून आणण्यात काही हशील नाही. शिकवणं गुजरातीत आहे आणि बरंचसं हाताने करून बघायचं आहे. भागियालाच पाठवा, जमलं तर जोडीने. तोडणी आणि प्रतवारी बहुतेक बायकांच्याच हातात असते.

पहिली सकाळ पैसे वसूल करते. १६ लिटरचा पाठीवरचा पंप, साधं पाणी आणि ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा. नेहमीच्या चालीने फवारायचं आणि पंपातलं किती पाणी संपलं ते मोजायचं. औषधाच्या लेबलवर हेक्टरी ५०० लिटर पाणी लिहिलं असेल तर गुंठ्याला ५ लिटर बसलं पाहिजे. कुणाचं ३ लिटरमध्ये आटोपतं, कुणाला ८ लागतात. औषध मात्र दोघंही पंपाच्या हिशेबाने घालतात. मग एकाची अळी मरत नाही आणि दुसऱ्याच्या भाजीवर दीडपटीहून जास्त औषध बसतं. बरेचदा दोष झिजलेल्या नोझलचा असतो, आणि तो इथे लगेच उघडा पडतो.

मापाचंही तसंच. वांग्यावरच्या शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी (पाण्यात विरघळणारं दाणेदार औषध) हेक्टरी २०० ग्रॅम लागतं, म्हणजे ५०० लिटर पाण्याच्या हिशेबाने १६ लिटरच्या पंपाला ६.४ ग्रॅम. हे बाटलीच्या झाकणाने कसं मोजणार? खिशातला छोटा डिजिटल काटा घ्यायला सांगतात, ते अगदी बरोबर.

दुपारी लेबल वाचायला शिकवतात. औषध किती विषारी ते दाखवणाऱ्या त्रिकोणाचे रंग (लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा) भराभर होतात. वेळ दिला जातो तो फवारणी आणि तोडणी यांमधल्या दिवसांना. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी या पातळ अळीनाशकाची एकच बाटली: टोमॅटोवर ३ दिवस थांबायचं, भेंडीवर ५, वांग्यावर तब्बल २२. दुकानदार हा फरक क्वचितच सांगतो.

पण खरी अडचण यापुढे आहे, आणि तिथे प्रशिक्षण हात वर करतं. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. ५ दिवस थांबलं की दोन तोडे बुडतात, शेंगा जून होतात, व्यापारी हात लावत नाही. ‘थांबा’ एवढंच सांगितलं तर कोण थांबेल? सांगायला हवं ते असं: रासायनिक फवारे फुलोऱ्याआधीच उरकावे. तोडणी सुरू झाली की कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), पोखरलेले शेंडे आणि फळं काढून पुरणं, आणि ५ टक्के निंबोळी अर्क (१०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीच्या बियांतला गर) यांवर भागवावं. अगदीच नाइलाज झाला तर तोडा आटोपल्यावर त्याच संध्याकाळी फवारावं आणि मधल्या दिवसांतल्या शेंगा तोडून पुराव्या. झाडावर ठेवल्या तर नवी फळधारणा मंदावते; जनावरांना तर मुळीच घालू नयेत.

दुसरा दिवस ढिला. माती नमुन्याचं ठीक आहे: नागमोडी चालत १०-१५ ठिकाणांहून १५ सेंटीमीटर खोल माती, बांध आणि उकिरडा टाळून. पाण्याचा भाग मात्र कच्चा. पादऱ्यातून औद्योगिक सांडपाण्याचा कालवा खंभातच्या आखाताकडे जातो. त्याच्या आसपास विहीर असेल तर क्षार आणि जड धातूंची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते. इथे फक्त जंतूंच्या तपासणीवर बोळवण होते. भाजी धुण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर ‘मूठभर’ टाका म्हणतात, हे तर चालणारच नाही. २५ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर १०० लिटरला ४० ग्रॅम, म्हणजे साधारण १०० पीपीएम (लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीन). माती आधी साध्या पाण्याने धुवायची, नाहीतर सगळा क्लोरीन गाळातच खर्च होतो. उघड्या पिशवीतली जुनी पावडर निकामी समजावी.

नोंदवहीत रकाने इतके आहेत की ती कोरीच राहणार. तारीख, पीक, औषध, मात्रा आणि तोडणी कधीपासून, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

शेवटी मिळणारा कागद हजेरीचा आहे, इंडगॅपचं, म्हणजे भारताच्या गॅप मानकाचं, प्रमाणपत्र नव्हे. ते तपासणी होऊनच मिळतं. छोट्या शेतकऱ्यांनी गट करून घेतलं तर खर्च वाटला जातो.

रब्बीच्या लागवडीआधीची तुकडी धरा. तोडणी चालू असताना भागिया दोन दिवस सुटत नाही. आणि त्याच्या त्या दोन दिवसांची मजुरी मालकाने द्यावी.