काळा धूर, २०११ची डिझेल गाडी आणि साडेआठशेचं ओबीडी डोंगल

पाचापैकी चार. एक स्टार त्या लाल दिव्याने खाल्ला, त्याचं पुढे येईलच.

डोंगल साधंच आहे, ईएलएम ३२७ प्रकारचं, ब्लूटूथवालं. गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावलं की इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड आणि आकडे फोनवरच्या ॲपमध्ये दाखवतं. गाडी २०११ची, बीएस-४, कॉमन रेल टर्बो डिझेल. सपाटीला एकदम गुणाची. साताऱ्याहून चिपळूणला जातानाही तक्रार नाही, कारण कुंभार्ली घाट उतरायचाच असतो. परतीला पोफळी मागे पडली, चढ लागला आणि तिसऱ्यात पाय दाबला की आरशात काळाकुट्ट पडदा. मागचा टेम्पोवाला हॉर्न मारून मारून पुढे निघून जायचा, आणि आमची गाडी ओढायला तयार नाही.

गंमत म्हणजे पीयूसी पास! बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२ आहे, आमचा आकडा आरामात त्याच्या आत. पण पीयूसीवाला गाडी न्यूट्रलला ठेवून रेस करतो. इंजिनावर भार नाही, इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या टर्बोला खरं काम नाही. घाटातला आजार अंगणात कसा दिसणार?

सर्व्हिस सेंटरने धूर बघितला न बघितला आणि अंदाजपत्रक हातात ठेवलं. डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर, ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा), शिवाय "टर्बो पण बघावा लागेल, सर." एकूण ६०,०००च्या घरात. स्कॅन केलं का विचारलं, तर म्हणे, "केलं ना सर, एरर काही नाही." एरर नाही तर इंजेक्टर गेले हे कशावरून? "वय झालं ना सर गाडीचं." बरं, ईजीआर उघडा अडकला तरी काळा धूर येतो हे खरं, म्हणून तेवढा साफ करून घेतला. धूर तस्साच. पैशांचं विचारलं तर उत्तर आलं, "साफ तर केलाय ना." त्या चिडीत, घरी यायच्या आधी, फोनवरूनच हे डोंगल मागवलं.

सुरुवातीला वाटलं, पैसे पाण्यात. टर्बोचा दाब कमी पडला की पी-०२९९ हा कोड येतो, निदान तो तरी दिसेल अशी आशा होती. ॲप म्हणतंय, दोष नाही. म्हणजे सर्व्हिस सेंटरचंच म्हणणं, फक्त जाहिरातींसकट. परत करायला म्हणून खोक्यात भरूनही ठेवलं होतं.

मत बदललं ते लाइव्ह डेटामुळे. त्यात एमएपी नावाचा आकडा असतो, इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. चावी फिरवायची पण इंजिन चालू करायचं नाही, तेव्हा तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. साताऱ्यात ९३ किलोपास्कल, चिपळूणला गेल्यावर १००. सातारा समुद्रसपाटीपासून सातशेक मीटर उंच आहे, त्यामुळे हा फरक बरोबर जुळतो. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नाही, हे आधी पक्कं झालं. मग घाटात बायकोच्या हातात फोन दिला आणि तिसऱ्यात पाय दाबला. "एकशे पंचवीस. तीस. परत पंचवीस," ती वाचत होती. अशा इंजिनाला पूर्ण भारावर २००च्या आसपास जायला हवं. टर्बोची हवा इंजिनापर्यंत पोचतच नव्हती.

इथे या सगळ्याची मेख आहे. एअर फिल्टरनंतर लगेच एक सेन्सर आत जाणारी हवा मोजतो, आणि त्या मापावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो की डिझेल जास्तीत जास्त किती सोडायचं. टर्बोनंतर कुठे गळती असेल तर मोजलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र मोजमापाप्रमाणे पूर्ण पडतं. पुरेशा हवेविना जळलेलं डिझेल म्हणजे काजळी. पांढरा धूर असता तर न जळलेलं डिझेल नाहीतर कूलंट, निळा असता तर ऑइल. आपला काळा, तोही फक्त भारावर आणि ओढ कमी होऊन. इंजेक्टर गळत असेल तर बहुधा आयडलिंगलाच इंजिन खडखडतं, थंडीत सुरू होताना धूर काढतं. यातलं काहीच नव्हतं.

गळती शोधायला डोंगल कामाचं नाही. ते काम पंक्चरवाल्याकडे झालं. पीव्हीसीची एंड कॅप घेतली, तिला भोक पाडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवला आणि ती टर्बोच्या तोंडाच्या रबरी नळीत क्लिपने आवळली. हवा १० ते १५ पीएसआय, त्याच्या वर नाही. पंक्चरवाला म्हणाला, "काका, टायरला तीस लागते," त्याला हात धरून थांबवलं. इंजिन कुठल्या तरी व्हॉल्व्हमधून थोडी हवा सोडतंच, त्या फुसफुशीने घाबरू नका. साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणाऱ्या होजच्या (रबरी नळीच्या) खालच्या अंगाला, क्लिपच्या लगत, बोटभर चीर होती. वरून होज धडधाकट. खाली मात्र तेलकट धुळीचा काळा पट्टा, कारण टर्बोच्या लाइनीत तेलाचा अंश असतोच आणि तो फटीतून झिरपून धूळ धरतो. हाताने दाबलं तर चीर मिटायची, दाब आला की ओठांसारखी उघडायची.

होज पुण्याच्या नाना पेठेत मिळाला, क्लिपांसकट १,४००. आता त्याच चढाला आकडा २००च्या पलीकडे जातो, आरसा स्वच्छ, आणि डिझेलही कमी पितेय.

आता लाल दिवा. ओबीडी सॉकेटला बॅटरीचा करंट थेट असतो, चावी काढली तरी. त्यामुळे डोंगल रात्रंदिवस जागं, त्याचा लाल दिवाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी रात्री अकराला बेल वाजवली, "अहो, तुमच्या गाडीत काहीतरी पेटलंय." मल्टिमीटर लावला तर सुमारे ४० मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर. गाडी रोज चालत असेल तर काही नाही, पण माझी आठवडाआठवडा उभी असते, आणि जुन्या बॅटरीला ही जळू कशाला? बरं, काढून ठेवावं तर सॉकेट स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी. दर वेळी मान वाकडी करून अंधारात चाचपडायचं. एवढ्याशा यंत्राला एक बटण द्यायला काय झालं होतं? बटणवालं मॉडेल शे-दीडशेने महाग आहे. तेच घ्या.

मेकॅनिकल डिझेल पंपाच्या जुन्या जीपवाल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, तिथे वाचायला ईसीयूच नाही. आधी एअर फिल्टर काढून बघा, टर्बो असेल तर होज तपासा. मग नोझल (डिझेल फवारणारं टोक) काढून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याच्या टेस्ट बेंचवर लावायला सांगा आणि फवारा स्वतः उभं राहून बघा. धार पडत असेल तर नोझल गेलं. बारीक धुकं पडत असेल तर त्याला पैसे देऊन निघा, पंपाला हात लावू देऊ नका.